आधी कान, मग कॅमेरा

महाराष्ट्रात निसर्ग छायाचित्रणाचं वेड आज जितकं पसरलंय, तितकं पूर्वी कधी नव्हतं. भिगवणच्या होड्या, ताडोबाची गेटं, सप्टेंबरातलं कास, सगळीकडे लांब लेन्सांची दाटी. तांत्रिक दर्जा निर्विवाद वाढला. अंधुक उजेडातही पिसान् पीस मोजता येतं. तरी प्रदर्शन पाहून बाहेर पडताना मन रितंच राहतं. समोरून येणारा वाघ, चोचीत मासा धरलेला खंड्या, पंख उघडलेले रोहित पक्षी. विषय तेच, चौकटीही त्याच. मला याचं मूळ एका सवयीत दिसतं: आपण जंगलात फक्त डोळे घेऊन शिरतो.

जंगल आधी ऐकू येतं. सांबराचा कॉल आला की मुरलेला गाइड जिप्सी बंद करायला लावतो आणि नुसता कान देतो. नाकालाही बरंच कळतं. वाघ झाडाच्या बुंध्यावर फवारा मारून हद्द आखतो, त्याला आंबेमोहोर तांदळासारखा वास येतो. दोन्हींतलं सुगंधी संयुग एकच आहे. हा वास ओळखणाऱ्याला वाघ न दिसताही वाघाचं चित्र सुचतं: ओला बुंधा, नखांनी ओरबाडलेली साल, धुळीतले पंजे. अशी चित्रं आपल्याकडे फार थोडी.

नुसतं पाहणं आणि आधी ऐकणं यातला फरक आंबोलीत पावसाळी रात्री जवळून कळतो. मलबार ग्लायडिंग फ्रॉगची मादी पाण्यावर झुकलेल्या पानांत फेसाचं घरटं करते. पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात पडतात. मागची चौकट स्वच्छ दिसावी म्हणून कुणी ती फांदी जराशी बाजूला वळवली, तर तीच पिल्लं कोरड्या मातीवर पडतील. बेडूक उचलून 'चांगल्या' पानावर ठेवणारे हातही असतात. त्या हातांवरचं डास पळवणारं मलम त्याच्या ओल्या कातडीतून आत जातं. टॉर्च विझवून थोडा वेळ नुसते आवाज ऐकणारा माणूस अशी घाई करत नाही. नीतीची सुरुवात मला तिथे दिसते, नियमांच्या फलकावर नाही.

भिगवणला रोहितांचा थवा उडावा म्हणून होडी पुढे दामटली जाते. रोहितला उडण्याआधी पाण्यावर धावावं लागतं. चरणं मोडतं ते वेगळंच. ३१ डिसेंबर २०२४ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

वेगळी वाट आपल्याच माणसाने दाखवली आहे. नयन खानोलकर यांच्या आरे परिसरातल्या बिबट्याच्या चित्राला २०१६मध्ये लंडनच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत शहरी विभागाचं पारितोषिक मिळालं. त्यांनी कॅमेरा ट्रॅप लावला आणि फ्लॅशचा उजेड गल्लीतल्या रोजच्या दिव्यासारखा ठेवला. चित्रात बिबट्याइतकीच वारली वस्तीची गल्लीही आहे. त्याच स्पर्धेने २०१० मध्ये, विजेत्या चित्रातला लांडगा बहुधा शिकवलेला होता असं ठरल्यावर, अव्वल बक्षीस काढूनही घेतलं होतं.

आपल्या स्पर्धांनी आणि प्रदर्शनांनी एवढं तरी करावं: प्रत्येक चित्राखाली कॅमेऱ्याच्या आकड्यांबरोबर अंतर किती होतं, फ्लॅश वापरला का, आमिष ठेवलं का, प्राणी हलवला का, हे छापावं. उत्तर नसेल, तर ते चित्र भिंतीवर लावू नये.