'वैकुंठ' आणि 'स्वर्ग' : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील परलोककल्पनेची चिकित्सा

प्रस्तावना :

मृत व्यक्तीच्या नावाआधी मराठीत 'कै.', 'स्व.' आणि 'वै.' अशी तीन संक्षिप्त रूपे लावली जातात. कार्यालयीन व्यवहारात ती समानार्थी मानली जात असली, तरी शहापूर-मुरबाडसारख्या भागांतील हरिनाम सप्ताहाच्या पत्रिकेत दिवंगत कीर्तनकार महाराजांच्या नावाआधी 'वै.' हेच रूप येते. त्या ठिकाणी 'स्व.' छापल्यास जाणकार वारकरी नापसंती दर्शवील, कारण वैकुंठ आणि स्वर्ग ही त्याच्या लेखी दोन वेगळी स्थाने आहेत. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना समीक्षकांनी या भेदाकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. 'क्रिस्तपुराणा'तील वैकुंठ व मराठी बायबलमधील स्वर्ग हे शब्द मूळ बायबली कल्पनेशी कितपत जुळतात, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :

इंग्लंडमध्ये जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यातील सासष्टीत (ठाण्याची साष्टी ती वेगळी) रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात 'पहिले पुराण' जुन्या करारावर आणि 'दुसरे पुराण' नव्या करारावर आधारलेले आहे. या ग्रंथात ख्रिस्ती परलोकासाठी 'वैकुंठ' हा शब्द वारंवार येतो. धर्मांतर सुलभ व्हावे म्हणून योजलेले ते आमिष होय, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही. १५६७ मध्ये रायतूरच्या किल्ल्याच्या कप्तानाने सासष्टीतील देवळे उद्ध्वस्त केली होती आणि त्यानंतर अर्धशतकाच्या आतच त्याच रायतुरातून वैकुंठाचे वर्णन करणारे पुराण बाहेर पडले. विष्णूचे मंदिर पाडायचे आणि त्याचे धाम मात्र शब्दरूपाने ठेवून घ्यायचे, यातील विसंगती नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ग्रंथाच्या आरंभी एक नवख्रिस्ती ब्राह्मण, जुनी पुराणे गेली, त्यांच्या जागी वाचावयास काहीतरी द्यावे, अशी मागणी करतो. या प्रसंगामागे हीच पोकळी आहे.

तथापि हेतूची चर्चा झाल्यावर शब्दाच्या अचूकतेचा प्रश्न शिल्लक राहतोच. जेथे देशी शब्द अपुरा वाटला, तेथे स्टीफन्स यांनी 'स्पिरितु सांतु', 'बाप्तिज्मु' असे परके शब्द तसेच ठेवले आहेत. यावरून 'वैकुंठ' हा शब्द त्यांनी विचारपूर्वक स्वीकारला असावा, असे म्हणावे लागते. भारतीय परंपरेत स्वर्ग हे पुण्यफलाचे स्थान आहे. पुण्य सरले की तेथून मर्त्यलोकी परतावे लागते, असे गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितले आहे. शिवाय स्वर्गात इंद्र आहे, अप्सरा आहेत, भोग आहेत. वैकुंठातून परत येणे नाही, आणि तेथील सुख भोगाचे नसून देवाच्या सान्निध्याचे आहे. ख्रिस्ती परलोक शाश्वत आहे व ईश्वरदर्शन हेच त्याचे सार मानले गेले आहे. अर्थाच्या दृष्टीने पाहता सतराव्या शतकातील या परदेशी कवीची निवड अधिक नेमकी होती, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांच्या भाषांतरांत चित्र बदलले. बंगालमधील सेरामपूर येथून विल्यम कॅरी यांचा मराठी नवा करार १८११ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे प्रचलित झालेल्या मराठी बायबलमध्ये 'स्वर्ग' हा शब्द रूढ झाला. येथे एक भाषिक अडचण आहे. हिब्रू 'शामायिम' व ग्रीक 'ऊरानोस' हे शब्द डोक्यावरचे आकाश आणि देवाचे निवासस्थान या दोहोंसाठी येतात. मराठी भाषांतरकाराला प्रत्येक वेळी निवड करावी लागते. उत्पत्तीच्या पहिल्याच वचनात 'आकाश' येते, तर मत्तयाच्या शुभवर्तमानात 'स्वर्गाचे राज्य' येते. वास्तविक मत्तयाचा हा शब्दप्रयोग देवाच्या सत्तेचा निर्देश करतो. देवाचे नाव टाळण्याच्या यहुदी रीतीमुळे तो आला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. मराठी वाचकाला मात्र तो मृत्यूनंतर जावयाच्या ठिकाणाचा पत्ता वाटतो. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात तर पहिल्या वचनात 'नवे आकाश' व लगेच दुसऱ्या वचनात नगरी 'स्वर्गातून' उतरते. मुळात शब्द एकच आहे. दोन ओळींतील दुवा भाषांतरात तुटतो आणि त्याची कोठेही नोंद राहत नाही.

दर्शनांच्या वर्णनांत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. यशयाला उज्जीया राजाच्या मृत्यूच्या वर्षी सिंहासनाचे दर्शन घडते आणि यहेज्केलाला खबार नदीच्या काठी चाकांचे. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल 'तिसऱ्या स्वर्गा'चा उल्लेख करतो. त्या वेळी आपण देहात होतो की देहाबाहेर, हे तो सांगू शकत नाही. तेथे ऐकलेले शब्दही माणसाने उच्चारण्याजोगे नाहीत, असे तो म्हणतो. ऑगस्टीनने उत्पत्तीवरील भाष्यग्रंथाच्या बाराव्या भागात दर्शनाचे तीन प्रकार मानले : इंद्रियांनी होणारे, मनातील प्रतिमांनी होणारे आणि केवळ बुद्धीने होणारे. पौलाचा अनुभव त्याने तिसऱ्या प्रकाराशी जोडला. म्हणजे 'तिसरा' हा मजल्याचा क्रमांक न राहता जाणिवेची पायरी ठरतो. मराठीत 'तिसरा स्वर्ग' वाचताना सप्तलोकांची उतरंड नकळत डोळ्यांपुढे येते आणि ऑगस्टीनचा हा अर्थ हाती लागणे कठीण होते. तुकारामांचे सदेह वैकुंठगमन ऐकत वाढलेल्या आपल्या विद्यार्थ्यांना पौलाचा 'देहात की देहाबाहेर' हा संभ्रम मात्र चटकन कळतो, असा अध्यापनातील अनुभव आहे.

येथपर्यंत वैकुंठाची बाजू मांडली. परंतु त्या शब्दालाही मर्यादा आहे. वैकुंठाला माणूस जातो. प्रकटीकरणाच्या अखेरच्या दर्शनात माणसे वर जात नाहीत, नगरीच खाली येते आणि देव माणसांत वस्ती करतो. लोकप्रिय ख्रिस्ती प्रवचनांत 'वर जाण्या'वरच भर असतो. बायबलची अंतिम आशा पुनरुत्थान आणि नवी पृथ्वी ही आहे, याकडे एन. टी. राइट यांच्यासारख्या अभ्यासकांनी अलीकडच्या काळात पुन्हा लक्ष वेधले आहे. या खाली येण्याला जवळची मराठी प्रतिमा वारकरी परंपरेत आहे. विठ्ठल वैकुंठ सोडून भीमातीरी विटेवर उभा राहतो, आणि भक्त मुक्ती नाकारून पंढरीची वारी मागतो. 'क्रिस्तपुराणा'ने ओवी घेतली, वैकुंठ घेतले. पंढरी घेतली नाही. रायतूरच्या त्या काळात ते शक्यही नव्हते.

ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या हाती आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी तुकारामाचे आपल्यावरील ऋण उघडपणे मानले आणि ख्रिस्तभक्तीसाठी अभंग जवळ केला. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांचा एक बंधुसंघ उभारण्याचे ठरविले. त्याला त्यांनी 'देवाचा दरबार' हे नाव दिले. या नावात वैकुंठही नाही व स्वर्गही नाही. येथेच, याच जमिनीवर, देवासमोर बसलेली माणसे एवढाच त्याचा अर्थ आहे. १९१९ मध्ये टिळकांचे निधन झाले. 'ख्रिस्तायना'चे थोडेच अध्याय त्यांच्या हातून लिहून झाले होते. उरलेला ग्रंथ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केला.