सरासरीच्या पोटात कोण?

कोणता देश किती ज्ञानी, हे सांगणाऱ्या याद्या निघतात. जागतिक बँकेनं अशी एक काढली होती: ज्ञान-अर्थव्यवस्था निर्देशांक. आर्थिक व्यवस्था, शिक्षण, नवनिर्मिती, संपर्काची साधनं हे चार खांब. प्रत्येकात तीन, अशा बारा आकड्यांचा काला करून शून्य ते दहा गुण. २०१२ ची यादी शेवटची, तीत स्वीडन पहिला. यादी थांबली, रीत चालूच आहे. २०१७ पासून संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम आणि दुबईतलं एक प्रतिष्ठान मिळून जागतिक ज्ञान निर्देशांक काढतात. तिथं खांब सात.

असा आकडा पाहिला की आपला माणूस दबकतो. म्हणून तो उघडून पहायला हवा.

बँकेनं पेटंटं मोजली. कुठली? अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानं दिलेली. म्हणजे तिथल्या दारात ज्याचा अर्ज मंजूर तो शहाणा. बाभळीच्या सालीत कातडं कमावणाऱ्याला जे ठाऊक आहे त्याला रकाना नाही. (त्याला रकाना द्या, अशी माझी मागणी नाही. कातड्याच्या ज्ञानाचे गोडवे गात आपल्याला पुन्हा त्याच कुंडावर बसवणारे कमी नाहीत.) पोरांचं माध्यमिक शाळेत असणं आणि कंपन्यांची रॉयल्टीची देवघेव, दोन्हींना वजन सारखंच. सारखं वजन दिलं म्हणजे बाजू घेतली नाही, असा वर आव!

गुण देण्याची तऱ्हा तर फारच मासलेवाईक. तुमच्या वर किती देश, त्यावरून गुण. तुमची लाख पोरं नव्यानं शाळेत गेली, पण बाकीचेही तेवढेच सरकले, तर तुमचा गुण जागच्या जागी. ही उतरंड आपल्याला काही नवी नाही.

मग सरासरी. खरी मेख इथं आहे. फोन वाढले की शाळेचं भोक बुजतं, बेरजेत दिसत नाही. मानवी विकास निर्देशांकानं २०१० साली साधी सरासरी सोडून गुणाकाराची घेतली, त्यामुळं एक बाजू लंगडी पडली तर सगळा आकडाच खाली ओढला जातो. विषमतेची वजावट करणारा वेगळा आकडाही त्याच साली आला. बरं झालं. पण ती वजावट माणसामाणसातल्या अंतराची. खालचा माणूस कोणत्या जातीचा, ते त्यात उमटत नाही.

भारताचंच घ्या. २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ७३ टक्के. अनुसूचित जातींची ६६, जमातींची ५९. अनुसूचित जातींच्या बाया तर ५६ च्या आसपास. देशांच्या यादीत जातो तो एकटा ७३, बाकीचे घरीच राहतात.

मार्च १९२७ मध्ये बाबासाहेब मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलले, तेव्हा इलाख्याची सरासरी घेऊन बसले नाहीत. आकडे सरकारचेच, पण फोडून मांडले. लोकसंख्येचे चार वर्ग, आणि प्राथमिक शाळेत दर हजारी कोण किती: पुढारलेले हिंदू ११९, मुसलमान ९२, मधला वर्ग ३८, मागासवर्ग १८. एवढा तक्ता करायला त्यांना ना बँक लागली ना सात खांब. दुबईच्या यादीत असा तक्ता नाही. तिथं अख्खा देश म्हणजे एकच ओळ.