एका सूत्रातली मोकळी जागा

क्ष = [−ब ± √(ब² − ४अक)] / २अ

वर्गसमीकरण सोडवण्याचे हे सूत्र दहावीची मुले एका दमात म्हणून दाखवतात. सूर्या नदीकाठच्या आमच्या मासवणातही ते तसेच म्हटले जाते, थोड्याशा चालीवर. पण सूत्र ही डोळ्यांनी वाचायची रचना आहे. सराव प्रश्नपत्रिका मराठीत नीट छापलेल्या हव्यात म्हणून मी लाटेक ही अक्षरजुळणीची संगणकप्रणाली शिकायला घेतली आणि वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिलेली ही ओळ एखाद्या कवितेसारखी सावकाश वाचू लागले.

यातली उणे चिन्हे पाहा. पहिले ब ला बिलगून आहे. दुसरे ब² आणि ४अक यांच्या मधोमध, दोन्ही बाजूंना थोडी जागा राखून उभे आहे. पहिले चिन्ह एकट्या ब चे, दुसरे दोन पदांना जोडणारे. हा फरक अर्थातला आहे आणि तो केवळ जागेने दाखवला आहे. ‘बरोबर’च्या दोन्ही बाजूंची जागा याहूनही किंचित मोठी. डावी आणि उजवी बाजू वेगळी ओळखू यावी, एवढीच.

हे अंतर ठरवतो तो टेक, म्हणजे लाटेकच्या पोटातला मूळ प्रोग्राम. छपाईतल्या एका ‘एम’ मापाच्या रुंदीचे अठरा भाग कल्पायचे. अधिक, उणे अशा क्रियेभोवती त्यांतले चार. बरोबर, लहानमोठे अशा संबंधचिन्हांभोवती पाच. उण्याच्या डावीकडे संख्याच नसेल तर ते क्रियाचिन्ह धरले जात नाही आणि जागाही मिळत नाही. तेच उणे घातांकात, समजा न−१ मध्ये, आले की जागा पुन्हा काढून घेतली जाते, कारण तिथे अक्षरेच बारीक असतात. वर्गमुळाच्या छताखालचा ब² सुद्धा निरखावा. उघड्यावरच्या ब² मधल्या दोनापेक्षा इथला दोन जरासा खाली बसतो, वरच्या रेघेला टेकू नये म्हणून. अपूर्णांकाची रेघ ‘बरोबर’ चिन्हाच्या मध्याच्या उंचीवर येते. तसे झाले नसते तर ओळ मोडल्यासारखी दिसली असती.

इतकी काळजी कुणी घेतली? डोनाल्ड क्नूथ यांनी. त्यांच्या संगणकशास्त्रावरील ग्रंथमालेचा दुसरा खंड १९६९ मध्ये शिशाच्या खिळ्यांनी जुळवून छापला होता. १९७७ मध्ये नव्या आवृत्तीची प्रुफे फोटोटाइपसेटिंगने तयार होऊन आली आणि अक्षरांचे ते रूप पाहून ते खिन्न झाले. ग्रंथ बाजूला ठेवून त्यांनी छपाईचा प्रोग्राम लिहायला घेतला. थोड्या काळात संपेल वाटलेले काम जवळपास दहा वर्षे चालले. चांगल्या छपाईची जुनी पुस्तके समोर ठेवून, जुळाऱ्यांच्या हातात असलेले ज्ञान त्यांनी नियमांत उतरवले आणि तो प्रोग्राम सर्वांना मोकळा दिला. टेकचे सर्वांत लहान माप दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे शंभराव्या भागाएवढे आहे. मला यात अतिरेक दिसत नाही, आदर दिसतो. छपाईतली चूक मोजमापाच्या ढिलाईतून तरी होऊ नये, हा आग्रह.

लाटेकमध्ये सूत्र चितारायचे नसते, त्याची घडण सांगायची असते. उलटी तिरकी रेघ, पुढे ‘फ्रॅक’, मग एका महिरपी कंसात अंश आणि दुसऱ्यात छेद. वर्गमूळ कुठपर्यंत, हे कंस कुठे मिटतो त्यावर ठरते. शिक्षक म्हणून मला हे फार मोलाचे वाटते. अनेक मुले अपूर्णांकाची रेघ फक्त वर्गमुळाखाली ओढतात, उणे ब बाहेरच राहतो आणि उत्तर चुकते. ज्याला हा कंस अचूक मिटवता आला त्याला सूत्र समजले, असे मी बेलाशक म्हणेन.

आणि हा ४ कुठून आला? क उजवीकडे नेऊन समीकरणाला ४अ ने गुणायचे, दोन्ही बाजूंत ब² मिळवायचा, की डावीकडे (२अक्ष + ब) चा पूर्ण वर्ग तयार होतो आणि वाटेत अपूर्णांक लागत नाही. ही रीत श्रीधराचार्यांची. त्यांचा बीजगणिताचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. रीत टिकली ती भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात त्यांच्या नावानिशी सांगितली म्हणून. भास्कराचार्यांच्या मांडणीत अव्यक्त राशी ‘या’, दुसरी ‘का’, तिसरी ‘नी’. ज्ञात संख्या ‘रू’. ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब. दोन्ही बाजू एकाखाली एक, सजातीय पदे एका रकान्यात. देवनागरीतले समीकरण असे जुने आणि नेटके आहे.

आपल्या लिपीची खरी परीक्षा मात्र अक्षरांऐवजी शब्द आले की होते. वेग बरोबर अंतर भागिले वेळ हे उभ्या अपूर्णांकात मांडून पाहा. वर ‘अंतर’ची शिरोरेघ, मध्ये अपूर्णांकाची रेघ, खाली ‘वेळ’ची शिरोरेघ. तीन आडव्या रेघा एकमेकींजवळ येतात आणि ‘वे’ची मात्रा मधल्या रेघेत घुसू पाहते. बाजू बरोबर वर्गमुळात क्षेत्रफळ, इथे तर छत आणि शिरोरेघ यांच्या चिमटीत मात्रा सापडते. रोमन अक्षरांना डोक्यावर रेघ नाही, त्यामुळे क्नूथना हा प्रश्न पडलाच नव्हता. देवनागरीच्या बहुतेक फाँटांत गणितासाठी लागणारी मापेच भरलेली नसतात. म्हणून शब्दांसाठी एक अदृश्य आधार घालून छेद थोडा खाली उतरवावा लागतो. किती उतरवायचा हे डोळा ठरवतो. मात्रेच्या वर निदान मात्रेच्या जाडीएवढी पांढरी फट दिसली पाहिजे, असे मी स्वतःपुरते ठरवले आहे. आपल्या फाँटकारांनी ही मापे फाँटातच भरून दिली, तर मराठीत विज्ञान लिहिणाऱ्या प्रत्येकाचे काम हलके होईल. हे काम व्हायलाच हवे.

आकृत्यांसाठी मी टिल टांटाऊ यांचे टिक्झ हे लाटेकमधले साधन वापरते. तिथेही हात चालवायचा नसतो, निर्देशक सांगायचे. समरूपतेच्या पाठासाठी मी आमच्या भागातली वारली आकृती घेतली. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नाचा चौक लिहितात त्यातली, आणि डहाणूच्या जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेलेली: टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्याचे वर्तुळ. मूळबिंदू कमरेशी ठेवला. खांद्यांची टोके (५, ५) आणि (−५, ५), खालच्या त्रिकोणाची (३, −३) आणि (−३, −३). दोन रेषा कमरेत एकमेकींना छेदून जातात, दोन आडव्या रेषा त्यांना वर-खाली बंद करतात. कमरेतले विरुद्ध कोन समान, दोन्ही पाये समांतर, म्हणून व्युत्क्रम कोनही समान. दोन्ही त्रिकोण समरूप. खाली प्रश्न छापला आहे: धडाच्या आणि कमरेखालच्या त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढा. उत्तर २५ : ९. ‘क्षेत्रफळ’ची मात्रा या वेळी मोकळी आहे.