सांत्वनाची भाषा आणि बुद्धिवाद्याचा पत्रसंग्रह

१

मराठी समीक्षेत पत्रांचा विचार बहुधा दोन अंगांनी झाला आहे. एक, चरित्राचे साधन म्हणून. दुसरे, लेखकाच्या शैलीचा अनौपचारिक नमुना म्हणून. सांत्वनपत्र या दोन्ही चौकटींत नीट बसत नाही. चरित्रकाराला त्यातून नवी माहिती मिळत नाही, कारण पत्र लिहिणारा आणि ते घेणारा दोघांनाही घटना आधीच ठाऊक असते. शैलीच्या अभ्यासकाला त्यात लेखकाचे वेगळेपण आढळत नाही, कारण शेकडो माणसे तेच शब्द त्याच क्रमाने लिहीत असतात. त्यामुळे पत्रसंग्रह सिद्ध करताना सर्वांत आधी गाळली जातात ती ही पत्रे. ‘औपचारिक’ या एका विशेषणाने त्यांची वासलात लागते.

ही उपेक्षा केवळ संपादकीय सोयीची बाब नाही. ज्या विचारवंताने आयुष्यभर आत्मा, परलोक आणि ईश्वर या कल्पनांची चिकित्सा केली, त्याच्या तत्त्वज्ञानाची सर्वांत अवघड कसोटी त्याच्या ग्रंथांत होत नसून शोकाकुल माणसाला लिहिलेल्या चार ओळींत होते. ग्रंथात प्रतिपक्ष असतो, युक्तिवादाला अवकाश असतो. सांत्वनपत्रात प्रतिपक्ष नसतो. समोर असते ते दुःख, आणि त्या दुःखासाठी मराठी भाषेने सिद्ध करून ठेवलेली शब्दसामग्री जवळजवळ संपूर्णपणे आस्तिक आहे.

या दृष्टीने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी (१९०१–१९९४) यांचे उदाहरण विशेष बोलके आहे. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शास्त्राध्ययन, कोलकात्याची तर्कतीर्थ ही पदवी, सविनय कायदेभंगात कारावास, अस्पृश्यतानिवारणाच्या वादात गांधींना शास्त्रार्थाचे साहाय्य, नंतर मानवेंद्रनाथ रॉय यांच्या विचारांचा स्वीकार, आणि पुढे मराठी विश्वकोशाचे प्रमुख संपादकत्व असा त्यांचा प्रवास आहे. त्यांचे समग्र वाङ्मय डॉ. सुनीलकुमार लवटे यांच्या संपादनाखाली १८ खंडांत सिद्ध झाल्यामुळे, अशा व्यक्तीने लिहिलेल्या आणि तिला आलेल्या पत्रांचे वाचन कोणत्या पद्धतीने करावे, हा प्रश्न आता टाळता येण्यासारखा नाही.

२

सांत्वनपत्राच्या प्रकाराची काही वैशिष्ट्ये प्रथम नोंदवावी लागतात. मराठी पत्रव्यवहारात मृत्यूशी संबंधित लेखनाचे तीन स्पष्ट प्रकार आहेत: निधनवार्ता कळविणारे पत्र, दुखवट्याचे म्हणजे सांत्वनाचे पत्र, आणि संस्थेने संमत करून पाठविलेला शोकप्रस्ताव. निधनवार्तेच्या कार्डावर ‘श्री’ लिहीत नसत, त्याचा कोपरा फाडलेला असे, आणि वाचून झाल्यावर ते फाडून टाकण्याची रीत होती. असे पत्र घरात ठेवीत नसत. सांत्वनपत्रावर इतका कडक निर्बंध नव्हता, तरी तेही जपून ठेवण्याचा विषय मानला जात नसे. म्हणजे अशा पत्रांचा संग्रह होणे हीच मुळात रूढीला छेद देणारी कृती आहे. मृत व्यक्ती सार्वजनिक झाली की तिच्या मृत्यूचे पत्रही सार्वजनिक होते. अशुभ मानला गेलेला कागद दस्तऐवज होतो. संग्रह वाचताना ही स्थित्यंतराची खूण दृष्टीआड होता कामा नये.

दुसरे वैशिष्ट्य संकेतबद्धतेचे. जे. एल. ऑस्टिन यांनी उक्तीचे जे वर्ग कल्पिले, त्यांत अभिनंदन, क्षमायाचना यांच्या पंक्तीला सांत्वनाला स्थान दिले आहे. या उक्ती सत्य किंवा असत्य नसतात. त्या यथोचित किंवा अनुचित असतात. ‘मृतात्म्यास शांती लाभो’ हे विधान नव्हे, ती कृती आहे. येथवर आस्तिक-नास्तिक भेद उद्भवत नाही, असा युक्तिवाद करता येईल. शब्द रूढ आहेत, त्यांचा वाच्यार्थ झिजून गेला आहे, तेव्हा बुद्धिवाद्याने ते वापरले म्हणून बिघडले काय?

हा युक्तिवाद अपुरा आहे. वाच्यार्थ झिजतो तो वापरणाऱ्याच्या अनवधानाने. ज्याने ‘जडवाद’ लिहिला आणि ‘हिंदुधर्माची समीक्षा’ केली, त्याच्या बाबतीत अनवधान गृहीत धरता येत नाही. कैलासवासी, वैकुंठवासी, देवाज्ञा, सद्गती, ईश्वरेच्छा या शब्दांच्या समोर निधन, कालवश, स्मृतिशेष, आदरांजली अशी दुसरी मालिका उभी आहे. पहिल्या मालिकेतील शब्द कुणी सोडला आणि दुसरीतील कुणी घेतला, याला म्हणूनच अर्थ प्राप्त होतो. ‘श्रद्धांजली’ या शब्दाला ‘आदरांजली’ हा पर्याय निवडण्याची बुद्धिवादी वर्तुळांतील प्रथा किरकोळ वाटेल. पण शब्दाच्या पूर्वपदाशी झालेले ते भांडण आहे.

३

सांत्वनपत्राचा विचार रससिद्धांताच्या आधारे केल्यास एक महत्त्वाचा पेच समोर येतो. तर्कतीर्थांनी ‘आनंदमीमांसा’ आणि ‘आधुनिक मराठी साहित्याची समीक्षा व रससिद्धांत’ या ग्रंथांत रसविचाराची चर्चा केली असल्याने हा आधार येथे उपरा नाही.

शोक हा करुणाचा स्थायीभाव. पण लौकिक शोक म्हणजे करुण रस नव्हे. अभिनवगुप्ताने रसाच्या प्रतीतीत येणारी जी विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखाने विवश होणे हे एक आहे. या न्यायाने पाहता, ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे तो वाचक व्याख्येनेच रसास्वादाला अपात्र ठरतो. तरीही सांत्वनपत्र त्यालाच उद्देशून लिहिले जाते. काव्यव्यवहारातील भूमिका येथे उलट्या होतात. सहृदय असावे लागते ते वाचकाने नव्हे, तर लेखकाने. आणि ज्याचा आस्वाद नव्हे पण ज्याच्याशी तादात्म्य साधायचे ते ‘काव्य’ म्हणजे वाचकाचे प्रत्यक्ष आयुष्य.

मग रूढ वाक्यांचे कार्य काय? ते साधारणीकरणाचे आहे. ‘जन्मास आला त्याला मृत्यू अटळ’ या आशयाचे वाक्य शोकाकुल माणसाच्या एकाकी दुःखाला सर्वांच्या दुःखात नेऊन बसविते. त्यात नावीन्य नसते, आणि नसणे हाच त्याचा गुण असतो. नवी प्रतिमा योजणारे सांत्वनपत्र लेखकाकडे लक्ष वेधून घेते. रूढ पत्र लेखकाला मागे ठेवते. जाक देरिदा यांनी दिवंगत स्नेह्यांविषयी लिहिलेली भाषणे आणि पत्रे २००१ साली इंग्रजीत एकत्र आली, तेव्हा त्यांतही हाच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिलेला दिसतो: मृताविषयी बोलताना स्वतःविषयी बोलण्याच्या मोहातून सुटायचे कसे? मराठी रूढीने या प्रश्नाला फार पूर्वी एक साधे उत्तर देऊन ठेवले होते. स्वतःचे शब्द वापरायचेच नाहीत.

पण हे उत्तर बुद्धिवाद्याला उपलब्ध नाही. रूढ शब्द सोडावेत तर साधारणीकरणाचे साधन जाते. ठेवावेत तर स्वतःचा विचार बाजूला ठेवावा लागतो. सुधारकांनी विधी बदलले. देवदास गांधी आणि लक्ष्मी यांचा आंतरजातीय विवाह १९३३ साली पुण्यात तर्कतीर्थांच्या पौरोहित्याखाली झाला, तेव्हा परंपरेच्या आतूनच नवा व्यवहार सिद्ध करता येतो, हे दिसून आले. संस्कारांची अशी कालोचित फेररचना झाली. दुखवट्याच्या भाषेची मात्र कोणी केली नाही. ती ज्याची त्याने, प्रसंग येईल तेव्हा, एकट्याने करावयाची राहिली.

४

या एकटेपणाची तीव्रता १९५४–५५ या दोन वर्षांत पाहता येते. २५ जानेवारी १९५४ रोजी मानवेंद्रनाथ रॉय यांचे देहरादून येथे निधन झाले. १९५५ साली तर्कतीर्थांचे गुरू स्वामी केवलानंद सरस्वती, म्हणजे पूर्वाश्रमीचे नारायणशास्त्री मराठे, गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आचार्य शं. द. जावडेकर इस्लामपूर येथे निवर्तले. बौद्धिक गुरू, शास्त्रगुरू आणि समानधर्मी सहकारी अशा या तीन मृत्यूंना सांत्वनाची तीन भिन्न व्याकरणे लागू पडतात.

रॉय यांच्या बाबतीत शोक करणारा आणि शोकविषय दोघेही इहवादी. येथे पारलौकिक शब्द दोन्ही बाजूंनी बाद होतो, आणि उरतो तो कार्याच्या सातत्याचा आधार: व्यक्ती संपते, विचार मागे राहतो. केवलानंदांचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. संन्यास घेताना मनुष्य स्वतःचे श्राद्ध स्वतःच करतो. त्याच्या देहपाताचे अशौच नाही, त्याच्यासाठी शोक विहित नाही. धर्मशास्त्राच्या दृष्टीने सांत्वनाला तेथे विषयच उरत नाही, आणि ‘ब्रह्मीभूत’ या शब्दात मृत्यूची घटनाच विरघळून जाते. ‘धर्मकोशा’चे संपादन करणाऱ्या शिष्याला ही व्यवस्था पुरेपूर ठाऊक होती. शास्त्र म्हणते शोक करू नये, इहवाद म्हणतो मृत्यूपलीकडे काही नाही. दोन्ही बाजूंनी निःशब्द केलेला हा शोक आहे. वाईत त्या प्रसंगी आलेल्या-गेलेल्या पत्रव्यवहाराकडे जो अभ्यासक वळेल, त्याने भावनेची तीव्रता न मोजता मृत्यूसाठी कोणता शब्द योजला आहे, ते पाहावे.

जावडेकर हे तिसरे टोक. ‘आधुनिक भारत’कार जावडेकरांचा सत्याग्रही समाजवाद आत्मबलाच्या संकल्पनेवर उभा होता, तेथे ‘आत्मा’ हा झिजलेला शब्द नव्हता, विचाराचा कणा होता. १९४७ साली सुरू झालेल्या ‘नवभारत’ मासिकाची संपादकीय धुरा प्रथम जावडेकरांकडे आणि पुढे तर्कतीर्थांकडे आली. एकाच मासिकाच्या संपादकपदावरून एक आत्मवादी आणि एक इहवादी बोलत होते. मैत्रीला त्याची अडचण झाली नाही. परंतु जावडेकरांविषयी लिहिताना ‘त्यांचा आत्मा’ असे म्हणणे म्हणजे त्यांच्या विचाराशी प्रामाणिक राहणे, आणि न म्हणणे म्हणजे स्वतःच्या विचाराशी. सांत्वनपत्रात सत्यनिष्ठा कोणाशी असावी, मृताशी, शोकाकुलाशी, की स्वतःशी? तत्त्वचिंतकाच्या पत्रसंग्रहाचा अभ्यास या प्रश्नाभोवती व्हावयास हवा.

५

पत्राचा अर्थ त्याच्या स्थलकालाशीही बांधलेला असतो. वाई आणि इस्लामपूर ही दोन्ही गावे १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होती. त्यानंतर एकावर ‘उत्तर सातारा’ आणि दुसऱ्यावर ‘दक्षिण सातारा’ असा पत्ता आला, आणि १९६० पासून सातारा व सांगली ही नावे रूढ झाली. तारीख नसलेल्या पाकिटाचा काळ ठरविण्यास पत्त्यातील एवढा तपशील अनेकदा पुरतो. परंतु पाकिटे जपली तरच. संग्रहात मजकूर ठेवून पाकीट टाकून देण्याची सवय म्हणूनच घातक आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे तो प्रसंगाचा संदर्भ. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली आणि लगोलग याच सातारा-सांगली परिसरात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. या दिवसांत गांधींच्या निकट राहिलेल्या, जन्माने ब्राह्मण असलेल्या कार्यकर्त्याचे स्थान विलक्षण होते. तो स्वतः शोकाकुल. त्याच वेळी मारेकऱ्याच्या जातीचा म्हणून संशयित. आणि जळालेल्या घरांतील माणसांचे समाधान करण्याची जबाबदारीही त्याच्यावरच. त्या आठवड्यांतील कोणतेही सांत्वनपत्र वाचताना, कोण कोणाचे सांत्वन करीत आहे, हे पत्राच्या मायन्यावरून ठरविता येणार नाही. तेथे रूढ वाक्य हे निष्क्रिय राहत नाही. विस्कटलेला शेजारधर्म पुन्हा बोलता करण्याचा तो एकमेव सुरक्षित मार्ग असतो. अशा पत्राला ‘औपचारिक’ म्हणून वगळणे म्हणजे त्याचा सर्वांत भरीव अर्थ वगळणे होय.

६

२७ मे १९९४ रोजी महाबळेश्वर येथे तर्कतीर्थांचे निधन झाले. आता शोकविषय स्वतः ते होते, आणि त्यांच्यासाठी कोणता शब्द वापरावा, हा पेच पत्रलेखकांकडे आला. वैदिक पंडित, रॉयवादी मित्र, विश्वकोशाचे सहकारी, शासन, वाचक अशा सर्वांचा त्यांच्यावर हक्क होता. अशा व्यक्तीच्या निधनानंतरच्या पत्रांचे वाचन त्यांच्या स्तुतिपर मजकुरासाठी करण्यात फारसे हशील नाही. प्रत्येक पत्रलेखकाने त्यांना कोणत्या परंपरेत नेऊन ठेवले, ते मृत्यूच्या पर्यायशब्दावरून उलगडते. त्या दृष्टीने एकसुरी वाटणारी पत्रेच अधिक उपयोगी, कारण पुनरावृत्तीशिवाय वितरण दिसत नाही आणि वितरणाशिवाय अपवाद ओळखता येत नाही. संपादकाने प्रातिनिधिक पंधरा-वीस पत्रे निवडली, की उरतो तो गौरवग्रंथ. संग्रह नाहीसा होतो.

याच परिसरात नंतर झालेले दोन मृत्यू ही निकड वाढवितात. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. जावडेकरांनी एके काळी ज्या ‘साधना’चे संपादन केले, त्याच साप्ताहिकाचे ते तेव्हा संपादक होते. त्या प्रसंगी सांत्वनाचे रूपांतर निर्धारात झाले. ‘शांती लाभो’ ही प्रार्थना तेथे अनुचित वाटली, कारण शांतीची अपेक्षा मृताकडून नव्हती आणि जिवंतांना ती नको होती. २५ ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातील कासेगाव येथे डॉ. गेल ऑम्वेट यांचे निधन झाले. अमेरिकेत जन्मून वाळवे तालुक्यात विसावलेल्या या विदुषीला अभिवादन करणाऱ्यांपुढे सत्यशोधक आणि बौद्ध परंपरांनी घडविलेली, आत्म्याचा आधार न घेणारी शब्दसंपदा तयार होती. तर्कतीर्थांच्या पिढीला जी भाषा एकट्याने शोधावी लागली, ती एव्हाना एका समूहाची झाली होती. मात्र तोवर पोस्टकार्डाची जागा भ्रमणध्वनीच्या पडद्याने घेतली होती. निधनवार्तेचे कार्ड फाडणाऱ्या पिढीला आपण काय फाडीत आहोत याची जाणीव तरी होती. पडद्यावरील मजकूर कोणी न फाडताच नाहीसा होतो.

मराठीतील बुद्धिवादाचा इतिहास आजवर ग्रंथ, व्याख्याने आणि वाद यांच्या आधारे लिहिला गेला आहे. त्या इतिहासातून युक्तिवादाची वाढ कळते. युक्तिवाद थांबतो तेथे माणसाने काय केले, हे कळत नाही. दुखवट्याची पत्रे त्या थांब्यावरची आहेत. आत्मा नाकारणाऱ्या विचाराला शोकासाठी स्वतःची भाषा घडविता आली काय, आली असल्यास कोणाच्या हातून आणि किती उशिरा, याचे उत्तर त्यांतच शोधावे लागेल. म्हणून ती सर्वच्या सर्व, पाठविलेली आणि आलेली, पाकिटांसह आणि मूळ क्रमासह जपली गेली पाहिजेत.