आश्रयाचें मोल : ॲन ब्राँटेची एक कादंबरी

ब्राँटे भगिनींचें नांव निघालें म्हणजे आपल्याकडील इंग्रजी शिकलेल्या वाचकांस 'जेन एअर' व 'वदरिंग हाइट्स' यांचें स्मरण होतें. सर्वांत धाकट्या ॲनची आठवण क्वचितच कोणाला होते. तिची 'द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल' ही कादंबरी १८४८ सालीं ॲक्टन बेल या टोपणनांवानें प्रसिद्ध झाली, आणि त्याच वर्षीं तिची दुसरी आवृत्तिही निघाली. परंतु १८४९ सालीं ॲन वारल्यावर खुद्द तिची वडील बहीण शार्लट हिनेंच विषयाची निवड चुकली असा निर्णय दिला व पुस्तकाच्या पुनर्मुद्रणास अनुकूलता दाखविली नाहीं. हा निर्णय कितपत न्याय्य होता, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

कथानक थोडक्यांत असें. एका खेड्याजवळच्या टेकडीवर एक पडका वाडा आहे. तेथें मिसेस ग्रॅहॅम नांवाची एक तरुण विधवा आपल्या लहान मुलासह राहावयास येते. ती कोणाकडे फारशी जात नाहीं, मुलाला डोळ्यांआड होऊं देत नाहीं, आणि चित्रें विकून चरितार्थ चालविते. गांवांत कुजबूज सुरू होते. पुढें तिनें आपली रोजनिशी गिल्बर्ट मार्कहॅम या तरुण शेतकऱ्याच्या हातीं दिल्यावर उलगडा होतो कीं, ती विधवा नसून हेलन हंटिंग्डन नांवाची सधवा आहे, आणि व्यसनी व निष्ठुर नवऱ्याच्या घरांतून मुलासह पळून आली आहे.

या कादंबरीवर दोन आक्षेप नेहमीं घेतले जातात : दुराचाराचीं चित्रें भडक आहेत, आणि मध्येंच लांबलचक रोजनिशी आल्यामुळें रचना दुभंगली आहे. पहिल्या आक्षेपास ॲननें दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत स्वतःच उत्तर दिलें आहे. दुर्गुण दाखवावयाचे तर ते आहेत तसेच दाखविले पाहिजेत, असा तिचा आशय. दुसरा आक्षेप मात्र मला मुळांतच चुकीचा वाटतो. रोजनिशी आरंभींच दिली असती तर पहिल्या पानापासून आपण हेलनची कीव करीत बसलों असतों. तसें न करतां लेखिका आपल्याला प्रथम गांवकऱ्यांच्या मेळाव्यांत बसविते. लॉरेन्स नांवाचा जमीनदार त्या वाड्यावर कां जातो, असा संशय आपल्याही मनांत येतो. आणि तो तिचा सख्खा भाऊ आहे असें कळतांच आपलीच आपल्याला लाज वाटते. आसऱ्यास आलेल्या स्त्रीला नवऱ्याच्या खालोखाल भय असतें तें शेजाऱ्यांच्या चौकशीचें, हें सत्य उपदेशावांचून वाचकाच्या मनावर ठसविणारी ही रचना सदोष कशी म्हणावी ?

आश्रय मिळविणें हें किती कष्टाचें व धोरणाचें काम आहे, याचें इतकें बारकाईचें वर्णन त्या काळच्या कादंबरींत विरळा. हेलनचा पहिला बेत अमेरिकेस जाण्याचा. पण नवरा रोजनिशी वाचतो, तिचें चित्रकलेचें साहित्य जाळून टाकतो आणि पैसे व किल्ल्या ताब्यांत घेतो. त्या काळच्या इंग्लिश कायद्यानें विवाहितेची मिळकत नवऱ्याची व मुलावरचा हक्क बापाचा असे. सात वर्षांखालील मुलाच्या ताब्यासाठीं मातेला अर्ज करण्याची मुभा १८३९ सालीं मिळाली. हेलनचें पलायन १८२७ मधलें. म्हणजे स्वतःच्या मुलाला घेऊन निघणें हाही गुन्हाच ! दुसऱ्या खेपेस ती भावाला विश्वासांत घेते. त्यालाही बेत प्रथम अविचाराचा वाटतो. पण अखेर तो पडक्या वाड्यांतील कांहीं खोल्या राहण्याजोग्या करून देतो. ज्या आप्तांकडे ती वाढली त्यांच्या घरीं ती जात नाहीं. तेथें पहिला शोध होणार हें उघड आहे. ती आईचें माहेरचें आडनांव धारण करते आणि विक्रीच्या चित्रांवर खोटीं स्थळनांवें व खोटीं आद्याक्षरें घालते.

कादंबरींत उणिवा नाहींत असें नव्हे. हेलनचें बोलणें कित्येकदां प्रवचनासारखें होतें, आणि गिल्बर्ट तिच्या तोलाचा वाटत नाहीं. शेवटीं ती मरणोन्मुख नवऱ्याच्या शुश्रूषेस परत जाते, ही कित्येकांस शरणागति वाटते. परंतु मुलाबद्दलचा लेखी करार सहीनिशीं हातीं आल्यावांचून ती बापाला मुलाचें दर्शनही घडूं देत नाहीं, हें अशा टीकाकारांनीं विसरूं नये. खरी उणीव निराळीच आहे. हेलनला भाऊ होता, आणि भावाजवळ एक रिकामा वाडा होता. ज्या स्त्रीला असा भाऊ नाहीं तिनें कोठें जावें, या प्रश्नाला पुस्तकांत उत्तर नाहीं.

तें उत्तर समाजानेंच द्यावयाचें होतें, आणि त्यास फार विलंब लागला. खुद्द इंग्लंडांत मारहाणीस कंटाळून निघालेल्या स्त्रियांसाठीं लंडनमधील चिझिक येथें आश्रयगृह निघालें तें १९७१ सालीं. आपल्याकडे पंडिता रमाबाईंचें शारदासदन १८८९ इतक्या लवकर मुंबईंत निघालें खरें. पण तें मुख्यतः विधवांसाठीं. नवरा हयात असतां घर सोडणाऱ्या स्त्रीचा प्रश्न त्याहून बिकट, कारण 'दिल्या घरीं सुखी राहा' असें म्हणणारें माहेरच तिला पुष्कळदां परत पाठवितें. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यानें अशा स्त्रीला राहत्या घरांत राहण्याचा हक्क दिला, आणि तिनें मागणी केल्यास आश्रयगृहानें तिला जागा द्यावी असेंही बंधन घातलें. परंतु कायदा दार उघडून देतो. आंत आलेल्या स्त्रीकडे आपण कोणत्या नजरेनें पाहावें, हें तो शिकवूं शकत नाहीं. तें शिक्षण ॲनच्या कादंबरींत आहे. आपल्या आळींत उद्यां एखादी अनोळखी बाई मुलाचा हात धरून राहावयास आली, तर तिचें गांव, आडनांव आणि नवरा यांची चौकशी करण्यापूर्वीं हें पुस्तक ज्याला आठवेल, त्याचें वाचन सार्थकीं लागलें असें मी म्हणेन.