मोटोचा शेवटचा इशारा : नाव नसलेला शत्रू

मंडळी, मागच्या वेळी चित्रपट बघून या असं सांगितलं होतं, तेव्हा कथानक थोडक्यात उरकू. 'मिस्टर मोटोज लास्ट वॉर्निंग', 1939, दिग्दर्शक नॉर्मन फॉस्टर. पोर्ट सैदला फ्रेंच आरमार येणार आहे. सुएझ कालव्याच्या तोंडाशी पाणसुरुंग पेरून ते उडवायचं आणि आळ ब्रिटिशांवर ढकलायचा, असा एका टोळीचा बेत. तो हाणून पाडतो पीटर लॉरेचा जपानी गुप्तहेर मोटो. (नावात 'शेवटचा' असलं तरी पुढे आणखी दोन मोटोपट आले. धंदा आहे!)

आता नीट बघा, टोळीला जहाजं बुडवण्यात फारसा रस नाही. फुटायला हवा तो दोन मित्रदेशांमधला विश्वास. घातपाताचं हे मर्म सव्वा तासाच्या एका स्वस्तातल्या चित्रपटाला कळलं, याचं आम्हाला कौतुक वाटतं. म्हणूनच टोळीचा म्होरक्या फॅबियन हा शब्दभ्रमकार आहे. आपल्याला लगेच पाध्यांचे अर्धवटराव आठवतात, पण इथला बाहुला म्हणजे कटाचं रूपकच. आवाज एकाचा, तोंड दुसऱ्याचं!

सगळ्यात चांगला प्रसंग डायव्हिंग बेलचा. टोळीत शिरलेला ब्रिटिश हेर, म्हणजे जॉन कॅराडाइन, पाण्याखाली उतरवला जातो आणि वरून त्याची हवा तोडतात. झटापट नाही, गोळीबार नाही. रॉबर्ट कूटचा विनोदी इंग्रज मात्र आम्हाला अजिबात सोसला नाही. त्याची दहा मिनिटं कापली असती तरी काही बिघडलं नसतं.

पण खरा प्रश्न असा की, टोळी कोणत्या देशाची? चित्रपट सांगतच नाही. 1939 च्या जानेवारीत हे प्रेक्षकाला ओळखता येत नव्हतं असं थोडंच आहे? पण हॉलिवूडला जर्मनीचं नाव घ्यायला अजून धीर होत नव्हता. आणि हे नाव गिळणाऱ्या चित्रपटाचा नायक कोण, तर हिटलर सत्तेवर आल्यावर 1933 मध्ये जर्मनी सोडलेला ज्यू नट. तो चष्मा लावून जपानी झालाय. मोटोचं मूळ जॉन मार्क्वांडच्या कादंबऱ्यांत आहे, आणि तिथे तो सरळ जपानचा हेर आहे. पडद्यावर मात्र त्याला आंतरराष्ट्रीय पोलिसांत भरती केलं. पहिला मोटोपट आला त्याच वर्षी, 1937 च्या डिसेंबरात, जपानी फौजा नानकिंगमध्ये शिरल्या होत्या. म्हणजे खलनायकाचा देश लपवला आणि नायकाचा धुऊन घेतला. हा चित्रपट भित्रा आहे, आणि त्याचा भित्रेपणाच आज जास्त बोलतो.

पुढचं ऐका. 3 जुलै 1940. फ्रान्स हरलेला. त्याचं आरमार जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून अल्जीरियातल्या मेर्स-एल-केबिर बंदरात ब्रिटिशांनी स्वतःच त्यावर तोफा डागल्या. जवळपास 1,300 फ्रेंच नौसैनिक मेले. फॅबियनला जे खोटं रचायचं होतं, ते कुठल्याही हेराशिवाय खरं झालं. अलेक्झांड्रियात मात्र ब्रिटिश आणि फ्रेंच ॲडमिरल बोलत राहिले आणि गोळी न झाडता मार्ग निघाला. आमच्या मते चांगला पटकथाकार तिथे जाऊन बसला असता.

एक राहिलंच. कथा इजिप्तमध्ये घडते, पण त्या माणसांचं या कटाबद्दल काय म्हणणं आहे हे कुणी विचारत नाही. ती बाजारात, कॅफेत, मागच्या गर्दीत असतात. कालवा त्यांच्या जमिनीतून जातो, भांडण दुसऱ्यांचं. 1956 च्या नोव्हेंबरात ब्रिटिश आणि फ्रेंच फौजा पोर्ट सैदला उतरल्या. या वेळी एकत्र. कालवा इजिप्तने आपल्या ताब्यात घेतला होता, म्हणून.