कपड्यांची खोली आणि माजघर



आजचा विषय जाहीर झाल्यावर मला ओळखीच्या एका गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, "सर, वॉक-इन वॉर्डरोबवर तासभर काय बोलणार तुम्ही? थे तं फर्निचरवाला करून देते." (हशा) माझी सगळी तक्रार त्यांनी एका वाक्यात मांडली, त्यांना कल्पना नसेल. फर्निचरवाला करून देतो, हेच तर चुकतंय. तो येतो तेव्हा घर बांधून झालेलं असतं. ही खोली कोणत्या भिंतीला असावी, तिला खिडकी कुठे, दार कोणत्या खोलीतून, शेजारी न्हाणीघर असावं की नसावं, हे सगळं आधीच ठरून गेलेलं असतं. उरतं ते लॅमिनेटचा रंग निवडणं. आणि तो आपण फार मन लावून निवडतो.

गेल्या काही वर्षांत अमरावती-अकोल्यात जे नवे बंगले झाले, अमरावतीत साईनगरच्या बाजूला घ्या, अकोल्यात गोरक्षण रोडच्या बाजूला घ्या, त्यांतल्या बऱ्याच नकाशांत मास्टर बेडरूमला लागून अशी एक खोली असते. मी नकाशे काढणारा माणूस आहे, मीही काढल्या आहेत. त्यामुळे आज जी टीका करणार आहे तिच्यात माझा वाटा धरूनच चला.

अमरावतीतलं एक घर सांगतो. सात फूट बाय दहा फुटांची खोली. दोन्ही बाजूंना जमिनीपासून छतापर्यंत कपाटं, काचेची दारं, आत एलईडीच्या पट्ट्या, आणि दोन्हीकडे कपडे टांगायच्या दांड्या. घरधन्यांनी मोठ्या हौसेनं दाखवली. नांदगाव पेठेला सिटीलँडमध्ये किंवा बिझीलँडमध्ये एखाद्या दुकानात शिरावं तसं वाटलं. दुकानात ते शोभतं, कारण दुकानाला माल दिसायलाच हवा असतो. इथं मी सहज मोजलं. दांड्यांवर पुरुषांचे शर्ट, लग्नात शिवलेला एक कोट, मुलीचे दोन-तीन लांब ड्रेस. निम्मी दांडी रिकामी. आणि बाईंच्या साड्या? खाली दोन कप्प्यांत, एकावर एक, वीस-वीसच्या थप्पीत. काचेतून सगळ्यांना दिसतात, पण खालची काढायची तर वरच्या एकोणीस उचलायच्या.

ही खोली हँगरवरून आखलेली आहे. हँगर साधारण दीड फूट रुंद, म्हणून कपाट आतपर्यंत दोन फूट खोल. मधे माणसाला वळायला, वाकायला तीन फूट. दोन अधिक तीन अधिक दोन, झाले सात. हे गणित जिथं कपडे मुख्यतः टांगले जातात तिथलं आहे. आपले कपडे घडीचे आहेत. साडी घडीची, धोतर-टोपी घडीची, दुपट्टे, चादरी, सोलापुरी चादर तर विचारूच नका. जरीची जड साडी महिनोन्‌महिने दांडीवर टांगून ठेवली तर स्वतःच्याच वजनानं ओढली जाते. ती मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवायची आणि मधूनमधून घडी बदलायची, नाहीतर घडीच्या रेषेवर जर तुटते. आपल्या आया-आज्या हे वर्षातून एकदा तरी करायच्याच, साड्यांना ऊन-वारा दाखवायच्या निमित्तानं.

आता घडीचं गणित बघा. घडी केलेली साडी साधारण फूटभर रुंद आणि फूट-सव्वाफूट खोल. म्हणजे फळी पंधरा इंच खोल असली की झालं. दोन फूट खोल फळीवर साड्यांच्या दोन रांगा लागतात आणि मागची रांग दिवाळीलाच दिसते. दोन फळ्यांमधलं अंतर नऊ इंच ठेवा, म्हणजे एका थप्पीत सहाच साड्या राहतील आणि खालची काढताना वरच्या ढासळणार नाहीत. तीन फूट रुंद फळीवर तीन थप्प्या, म्हणजे अठरा साड्या. अशा आठ फळ्या साडेसहा फूट उंचीत बसतात. अठरा आठे एकशे चव्वेचाळीस! तीन फूट भिंतीत. त्या सत्तर चौरस फुटांच्या खोलीत निम्म्यासुद्धा साड्या नीट मावत नव्हत्या.

हे फार मोठं शास्त्र नाही. घरातल्या बाईला पाच मिनिटं विचारलं असतं तर कळलं असतं. पण नकाशा ठरताना ती बहुतेक वेळा चहा घेऊन येते आणि "तुम्ही ठरवा" म्हणून आत जाते. आणि आम्ही ठरवतो.

इथं एका पुस्तकाचं नाव घेतो. क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं 'अ पॅटर्न लँग्वेज', १९७७ सालचं. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना ते अजून वाचायला लावतात, लावावंच. त्यात कपड्यांच्या जागेविषयी दोन ठाम सूचना आहेत. एक, कपडे बदलायची जागा बिछाना आणि न्हाणीघर यांच्या मधे असावी. दोन, कपाटं दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीला असावीत, म्हणजे आवाज अडतो. बाहेरच्या भिंतीला ती कधीच देऊ नयेत, कारण तिथला उजेड वाया जातो.

पहिली सूचना आपल्याकडे जशीच्या तशी उचलली गेली. बेडरूम, मग वॉर्डरोब, त्यातून पुढे बाथरूम, अशी आगगाडी. पण आपली आंघोळ बादलीची. फरशी ओली, पाय ओले, हिवाळ्यात गिझरची वाफ कोंडलेली. दार उघडलं की ती सगळी वाफ शालू-पैठण्यांच्या खोलीत. त्या पुस्तकाच्या लेखकांना दोष नाही, त्यांनी बादली धरलीच नव्हती.

दुसरी सूचना मला अर्धी पटते. दोन खोल्यांच्या मधे कपाट हवं, हे बरोबर. त्याच्याकडे पुन्हा येतो. पण 'बाहेरच्या भिंतीला कधीच नको' हे कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत बसून म्हणणं सोपं आहे. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री अकरापर्यंत ती ऊब आत सोडत राहते. त्या भिंतीला डोकं करून झोपणारा माणूस भाजून निघतो. तिथं कपड्यांची खोली टाकली तर ती ढालीसारखी काम करते, झोपायची खोली वाचते. कपड्यांना घाम येत नाही! (हशा) फक्त कपाटाची पाठ त्या भिंतीला चिकटवू नका, दोन-तीन बोटं हवा खेळायला जागा ठेवा. पावसाळ्यात झडही बहुतेक त्याच अंगानं येते आणि भिंतीची ओल थेट प्लायवूडमध्ये उतरते. प्लायवूड घेताना शिक्का बघा: आयएस ३०३ असेल तर ते साधं आहे, आयएस ७१० म्हणजे पाणी सोसणारं. खालची दोन फूट तरी दुसरं वापरा.

आता माझी चूक.

बऱ्याच वर्षांपूर्वी अकोल्यात एका कुटुंबासाठी मी अशी खोली काढली. घराच्या मधोमध, तिन्ही बाजूंनी बंद, खिडकी नाही, एकच दार बेडरूममध्ये उघडणारं. थंड राहील, धूळ येणार नाही, असा माझा हिशेब. एक गोष्ट मी विसरलो, आणि विदर्भात राहून विसरलो. ती म्हणजे कूलर. कूलर बाहेरची हवा ओल्या गवतातून, वाळ्यातून ओढून आत ढकलतो. ती हवा दुसरीकडून बाहेर जायला वाट लागते. बेडरूमच्या खिडकीत कूलर, आणि हवेच्या वाटेवर माझी ही बंद खोली. मे महिन्यात काही झालं नाही, हवा इतकी कोरडी असते की ओल टिकत नाही. पण जूनमध्ये ढग आले, उकाडा वाढला, कूलर चालूच राहिला. जुलैत त्या बाईंनी दार उघडलं तर चपला-बुटांवर पांढरी बुरशी, आणि लग्नातल्या शालूवर ठिपके. त्यांनी मला काही बोलून दाखवलं नाही. शालू आणून समोर ठेवला. बस.

तेव्हापासून मी अशा खोलीला जमिनीलगत एक झरोका आणि छतालगत दुसरा दिल्याशिवाय नकाशा हातावेगळा करत नाही. जमलं तर उत्तरेला उंचावर एक छोटी खिडकी. दार झडपांचं. लाइट गेली की खिडकी नसलेल्या खोलीत मोबाइलचा उजेड दाताखाली धरून कपडे शोधावे लागतात, तेही वाचतं. डांबरगोळ्या आणि कडुनिंबाचा पाला कसरीवर चालतात, कोंडलेल्या ओलीवर त्यांचा काही इलाज चालत नाही.

पण त्या घरात मला जास्त लागलं ते दुसरंच. वर्ष-दोन वर्षांनी मी तिथं गेलो तेव्हा आजी गावाकडचं घर बंद करून मुलाकडे राहायला आल्या होत्या. त्यांची लोखंडी पेटी सोबत आली. कुठं ठेवायची? त्या सत्तर-ऐंशी फुटांच्या खोलीत जागा होती. पण ती खोली सूनबाई-मुलाच्या बेडरूममधून आत. सकाळी सहाला आंघोळ करून लुगडं घ्यायला सासू मुलाच्या झोपायच्या खोलीतून कशी जाईल? पेटी माळ्यावर गेली. सुरुवातीला त्या नातवाला शिडी लावायला सांगायच्या. मग सांगेनाशा झाल्या. मी गेलो त्या दिवशी दोनच लुगडी आलटून-पालटून चालली होती, असं सूनबाईंनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांनाही बरं वाटत नव्हतं. कोणी वाईट वागलं नव्हतं. दार चुकीच्या भिंतीत होतं, आणि ते मी काढलं होतं.

आपल्या जुन्या धाब्याच्या घरात माजघर असायचं. घराच्या पोटात, जाड मातीच्या भिंतींत, त्यामुळे उन्हाळ्यातही गार. भिंतीत फडताळं, कोनाडे, वर वलणी, एका बाजूला सोवळ्याची वेगळी, खाली पेट्या आणि गोधड्यांची चवड. मी जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांतला नाही. त्या अंधारात बायकांची आयुष्यं गेली, बाळंतपणं झाली, धुरानं डोळे गेले. ते परत नको. पण एक गोष्ट त्या जागेत होती: ती कोणा एकाच्या झोपायच्या खोलीची मालमत्ता नव्हती. आजी, सून, लग्नाची मुलगी, आल्यागेल्या नणंदा, सगळ्यांना तिथं विनासंकोच जाता यायचं. आणि त्या सामायिक जागेत प्रत्येकीची एक पेटी असायची, कुलपाची. किल्ली कमरेला. बऱ्याच बायकांच्या नावावर अख्ख्या घरात तेवढंच काय ते होतं.

पुढे लोखंडी कपाट आलं. गोदरेजनं ते १९२३ पासून बनवायला घेतलं, आणि पुढे घराघरांत 'गोदरेज' हेच कपाटाचं नाव झालं. दिसायला राखाडी, पण आत चोरकप्पा होता, कुलूप होतं, आणि ते कोणत्याही खोलीत उभं करता यायचं. आजचा काचेचा वॉर्डरोब या दोन्हींत मागे पडतो. त्याला कुलूप नसतं, आणि तो एकाच दाराला बांधलेला असतो. त्या खोलीचं नावच 'मास्टर'.

गंमत अशी की कपड्यांना खोली देणं आपल्याला नवं नाहीच. भाव पडले की आपला शेतकरी कापूस विकत नाही, घरात भरून ठेवतो. माणसं ओसरीत झोपतात, अंगाला खाज सुटते, पण कापसाला खोली मिळते. (हशा) तर कापसाची लुगडी झाल्यावर त्यांना द्यायला जागा नाही, असं म्हणायला आपल्याला तोंड नाही.

म्हणून अलेक्झांडरच्या दुसऱ्या सूचनेचा पहिला अर्धा भाग मला महत्त्वाचा वाटतो: दोन खोल्यांच्या मधे. तुमच्याकडे सत्तर फूट आहेत ना? ती खोली बेडरूमच्या पोटातून काढा आणि पॅसेजवर उघडा. पश्चिमेची भिंत मिळाली तर उत्तम. एका बाजूला दोन फूट खोल, टांगायच्या कपड्यांसाठी. दुसऱ्या बाजूला पंधरा इंच खोल, घड्यांसाठी. मधे तीन फूट. सव्वासहा फुटांत बसतं, सात लागत नाहीत. आणि एका टोकाला तीन फूट खोल, दोन मजली कप्पा, गाद्या-गोधड्यांसाठी. जपानी घरांत असा कप्पा असतो, 'ओशिइरे' म्हणतात, सुमारे तीन फूट खोल, सरकत्या दारांचा. रात्रीच्या गाद्या दिवसा त्यात. खाली हवा खेळावी म्हणून लाकडी पट्ट्यांची जाळी टाकतात. आपल्याकडे लग्नाला वीस पाहुणे गच्चीवर झोपतात. त्यांच्या गाद्या वर्षभर कुठं असतात? बेडच्या पेटीत, जिथं हवा जात नाही. कॅटलॉगमध्ये गादीला जागाच नाही, कारण ज्यांच्यासाठी ते छापलं त्यांच्याकडे पाहुणे हॉटेलात उतरतात.

बोलणं इथं थांबवतो. दोन प्रश्न आलेत.

एकांनी विचारलंय, आमचा नऊशे फुटांचा फ्लॅट आहे, आम्ही काय करायचं? खोली करूच नका. पॅसेजच्या भिंतीला पंधरा इंची कपाट करा, वर सांगितलेल्या मापानं. पॅसेज साडेचार फुटांचा असेल तर चालायला सव्वातीन फूट उरतात. तेवढं पुरतं.

दुसरा प्रश्न एका ताईंचा आहे: खोली पॅसेजवर उघडली तर सगळ्यांची ये-जा, मग आपल्या वस्तू सुरक्षित कशा राहणार? खोलीच्या दाराला कुलूप नको, ताई, कडी पुरे. आत जितक्या बाया घरात, तितकी वेगळी दारं असलेली फडताळं करा, प्रत्येकाला वेगळं कुलूप. सुताराला आधीच सांगा, कारण तो सवयीनं सगळ्या कुलपांना एकच किल्ली लावून देतो. आणि आजींचं फडताळ कमरेच्या उंचीवर ठेवा.